बियाला ठेवलेलं

काकडीच्या कोवळ्या फळाकडे बोट दाखवू नये. दाखवलं तर ते कुजतं. रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या घरी हा नियम होता, आणि तो भोपळा, पडवळ, चिबूड, दोडका अशा वेलावर धरणाऱ्या सगळ्यांना लागू होता. दाखवायचंच असेल तर बोट दुमडायचं आणि पेराने दाखवायचं. चुकून सरळ बोट गेलंच तर ते दाताखाली धरून चावायचं, म्हणजे दोष जातो. आत्या लग्न होऊन देशावर गेली, तर पहिल्याच पावसाळ्यात सासूने तिला हेच बजावलं.

नियम आम्हाला आजीनेच शिकवला, पण तिचा स्वतःचा त्यावर कितपत विश्वास होता याची मला शंका आहे. आसपास एकही पोर नसताना फळ पिवळं पडून गळालं की ती स्वतःशीच म्हणायची, "माशी फिरकली नाही हिच्यावर."

वनस्पतिशास्त्रही आजीच्याच बाजूचं आहे. या वेलांवर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या पाकळ्या उमलण्याआधीच तिच्या मागे इवलंसं फळ दिसतं, त्यामुळे पोरांना वाटतं की फळ धरलं. ते धरलेलं नसतं. नर फुलातला पराग कुणीतरी आणून टाकेपर्यंत ते नुसतं आश्वासन असतं. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. तेवढ्या वेळात मादी फुलावर माशांच्या बऱ्याच फेऱ्या व्हाव्या लागतात. फेऱ्या कमी पडल्या तर फळ एका अंगाने खुरटतं, मुळीच झाल्या नाहीत तर काही दिवसांत पिवळं पडून सडतं. बोट दाखवणाऱ्या पोरांचा गुन्हा एवढाच की ती नेमकी त्याच दिवसांत हरखून मांडवाखाली जमतात. नियमाचा एक उपयोग मात्र होता. ज्याच्याकडे बोटही दाखवायचं नाही, ते फळ तोडायचा प्रश्नच येत नाही.

हा मांडव जिथे होता, त्या घरामागच्या जागेला आमच्याकडे मागीलदार म्हणतात. विहीर, विहिरीजवळची दगडी डोण, मोरीचं पाणी जिथे जाऊन मुरे तिथे केळी आणि अळू, एका कडेला उकिरडा, मधे मांडव आणि भोवती जांभ्याच्या दगडांचा गडगा. आजीच्या आयुष्यातला फार मोठा भाग एवढ्या जागेत गेला. शेत आजोबांच्या आणि त्यांच्या भावांच्या नावावर होतं, भाताचा हिशोब पुरुषांकडे असे. मागीलदारी काय लावायचं, काय काढायचं, कुणाला द्यायचं, यात मात्र कुणी तोंड घालत नसे. आठवडी बाजाराला जाणाऱ्या शेजारणीच्या टोपलीत आजी चार पडवळं घालून देई. त्याचे पैसे कणगीमागच्या डब्यात जात आणि त्या डब्याबद्दल आजोबा कधी विचारत नसत.

या जागेचा वर्षातला खरा सण गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगर लागलेल्या जमिनीतलं खायचं नाही. म्हणजे शेतातला भात बाद, डाळ बाद, गव्हाचा तर प्रश्नच नाही. चालतं ते हाताने लावलेलं आणि खुरप्याने उकरलेलं. अळूची पानं आणि देठ, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, हिरवी केळी, सगळं एकाच पातेल्यात. मसाला नाही. अळू-सुरण घशाला खाजू नये म्हणून चिंच किंवा आंबाडे. बरोबर वरीचे तांदूळ किंवा देवभात. हा देवभात पाणथळीच्या कडेला आपोआप उगवणारा रानटी तांदूळ. त्याचे दाणे पिकले की लगेच गळतात, म्हणून तो गोळा करणं चिकाटीचं काम आणि सणाच्या आधी शहरात त्याचा भाव ऐकून डोळे पांढरे होतात.

या व्रतामागची पोथीतली कथा मला पटत नाही. बायकांनी विटाळ नीट पाळला नाही तर लागणारं पाप फेडायला हे व्रत, असं ती कथा सांगते. आजीने ते निष्ठेने केलं, आईने सोडलं. भाजी कुणीच सोडली नाही. आणि भाजीतले मानकरी तरी कोण? भोपळा, मका, भुईमूग आणि हिरवी मिरची हे सगळे अमेरिका खंडातून आले. पोर्तुगीज जहाजांनी हा रस्ता उघडला तो सोळाव्या शतकात. भेंडी आफ्रिकेकडची मानतात. सप्तर्षींना यातलं काही ठाऊक असण्याचा संभव नाही. सणाची यादी इतकी मोकळी होती, की मागीलदारी जे रुजलं ते तिच्यात आपसूक शिरलं.

मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती नांगराची अट. पाळायची ती एका दिवसाच्या जेवणापुरती, पण त्या दिवशी पातेल्यात काही पडायचं तर घरामागचा तुकडा बाराही महिने बिननांगराचा राहिला पाहिजे. आमची जमीन जांभ्याची, तांबडी, आम्लधर्मी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. उघड्या मातीतलं सत्त्व तो बघता बघता धुऊन नेतो. मागीलदारची माती तशी उघडी कधीच नसे. फणसाचा, आंब्याचा पातेरा उन्हाळ्यात झाडून आळ्यांभोवती घातलेला असे. तो कुजत आला की वर शेणखताचा हात, चुलीतली राख. राखेत पालाश असतं आणि आम्ल मातीला ती थोडी सौम्य करते. आजी राख घालायची ती मात्र माव्यासाठी, भल्या सकाळी, पानं दवाने ओली असताना. माती उलटीपालटी होत नसल्याने गांडुळांची बिळं, बुरशीचे तंतू, मेलेल्या मुळांनी सोडलेल्या पोकळ्या जागच्या जागी राहत आणि पहिल्या सरीचं पाणी वाहून जाण्याऐवजी खाली उतरे.

आणखी एक रहिवासी तिथे होता, ज्याची घरात कुणालाच दखल नव्हती. मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं. पण जगातल्या मधमाश्यांच्या बहुतेक जाती एकेकट्या राहतात आणि त्यातल्या बहुसंख्य जमिनीत बीळ करून अंडी घालतात. नांगराचा फाळ वर्षातून एकदा जरी तिथून गेला तरी पुढची पिढी गेली. गडग्याच्या पायथ्याची कोरडी, तुडवलेली, कुणी न खणलेली माती हे त्यांचं गाव. लहानपणी आम्ही त्या भोकांत गवताची काडी घालून बघत असू. आत मुंग्या असतील अशी समजूत होती.

लोक परसबागेतल्या 'मधमाशी'बद्दल बोलतात तेव्हा मला हसू येतं, कारण एक माशी सगळी कामं करूच शकत नाही. पाळ्या ठरलेल्या असतात. पहाटे भोपळ्यावर सातेरी, म्हणजे आपली पेटीत पाळतात ती माशी, आणि तिच्यासोबत भुंगे. भोपळ्याचा मूळचा खास सोबती अमेरिकेतल्या एकेकट्या माश्यांचा एक गट आहे. तो तिथेच राहिला आणि इकडच्या माशांनी परक्या फुलाचं काम उचललं. दिवस वर आला की वांगी. वांग्याच्या फुलात पराग पुंकेसरांच्या टोकाच्या बारीक छिद्रांत कोंडलेला असतो. सातेरीला तो नीट काढता येत नाही. काळा भुंगा किंवा पोटावर निळसर पट्टे असलेली माशी फुलाला घट्ट मिठी मारते, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते, आणि त्या गुंजनाने पराग बाहेर उडतो. वांग्याच्या वाफ्याजवळ उभं राहिलं तर तो आवाज ऐकू येतो, उडतानाच्या गुणगुणीपेक्षा वरच्या पट्टीतला आणि तुटक.

संध्याकाळी दोडका उघडतो, दिवेलागणीला दुधी, आणि अंधार पडल्यावर पडवळ. पडवळाच्या पांढऱ्या फुलाला कडेने बारीक झालर असते. ज्यांनी पडवळ फक्त मंडईत पाहिलं त्यांना ती ठाऊक असण्याचं कारण नाही, कारण सकाळपर्यंत तिचा चोळामोळा झालेला असतो. तिथे येतात ते रात्री उडणारे मोठे पतंग, लांब सोंड असलेले, फुलासमोर हवेत स्थिर राहून रस पिणारे. आणि त्यांच्याच कुळातल्या काहींच्या अळ्या अळूची पानं खातात. बोटाएवढी जाड, शेपटावर शिंग आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. आम्ही किंचाळत असू. आजी पान तोडून अळीसकट उकिरड्यापलीकडे टाकायची, मारायची नाही. पडवळाशी असलेल्या नात्यामुळे नव्हे; चातुर्मासात जीव मारायचा नाही म्हणून.

भुंग्यांवरून मात्र घरात दर वर्षी भांडण होई. भुंगा सुक्या लाकडात, बांबूत भोक पाडून घर करतो. पडवीच्या वाशांतून भुसा गळायला लागला की आजोबा चिडून राळेचे बोळे कोंबत सुटत. मांडवाचे जुने बांबू काढून जाळावेत असंही त्यांचं म्हणणं. आजी ते ऐकायची नाही, कारण बांबू अजून भार पेलत होते आणि नवे फुकट मिळत नव्हते. दोघांपैकी कुणीच भोपळ्याचा विचार करत नव्हतं. पण मांडवावर वाढणाऱ्या वेलांना फळं धरवणारा प्राणी त्याच मांडवाच्या खांबात राहत होता, ही गोष्ट खरी.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती. प्रत्येक वाफ्यातलं काही ना काही बियाला ठेवलेलं असे. पहिल्या बहरातलं चांगलं फळ, चांगला मुळा, कोथिंबिरीचा एखादा गड्डा. त्याला लाल चिंधी बांधायची, म्हणजे घरातल्या सगळ्यांना कळावं की याला हात लावायचा नाही. दुधी वेलावरच सुकून टणक होई. दोडका पिवळा पडून खुळखुळू लागे. काकडीचं बी शेणात कालवून भिंतीला थापायचं, वालाचं राखेत घोळून मडक्यात. रोहिणी नक्षत्रावर ही मडकी उघडत.

आपण याकडे बियाण्याची सोय म्हणून पाहतो. तेवढीच ती नव्हती. मुळा भाजीसाठी लावला तर त्याला फूल कधी दिसत नाही, त्याआधीच तो उपटला जातो. बियाला ठेवलेला मुळा मात्र कमरेएवढा वाढतो, पांढऱ्या-जांभळट फुलांनी भरतो आणि कितीतरी दिवस फुलत राहतो. कोथिंबिरीचं तसंच. तिची इवली पांढरी फुलं फार सोप्या बांध्याची, रस अगदी वर, त्यामुळे लांब सोंड नसलेल्यांनाही ती परवडतात. फूलमाश्या येतात, बारीक गांधीलमाश्या येतात. यातल्या अनेक फूलमाश्यांच्या अळ्या मावा खातात आणि त्या बारीक गांधीलमाश्या भाजीवरच्या अळ्यांमध्ये आपली अंडी घालतात. राई, माठ, चवळी, तुळशीच्या मंजिऱ्या, जे जे म्हातारं होऊ दिलं ते ते कुणाचं तरी अन्न होतं. पावसाळा संपून वेल वाळले तरी थंडीत हा फुलोरा असायचा, म्हणजे पुढच्या मांडवावर लागणारी माणसं, म्हणजे माश्या, वर्षभर पोसलेल्या राहत. बी राखायला बसलेल्या बायकांनी न ठरवता माश्या राखल्या. माझ्या मते जुन्या परसाचं सगळं इंगित या एका सवयीत आहे, आणि बियाण्याची पुडी विकत मिळायला लागली त्या दिवशी ही सवय मोडली. आज कुणी मुळा फुलू देत नाही. कशासाठी द्यायचा?

चिंधीचा मान किती होता याची एक गोष्ट थोरली आजी, म्हणजे आजीची मोठी जाऊ, रंगवून सांगायची. 1942 च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. कोकणातल्या कित्येक घरांप्रमाणे आमच्याही घरी आपला भात वर्षभर पुरत नसे, उरलेले महिने रंगूनच्या तांदळावर जात. तो तांदूळ बंद झाला. पुढे सरकारने 'अधिक धान्य पिकवा' म्हणून मोहीम काढली, मुंबईत रेशनिंग आलं, पण आमच्या वाडीपर्यंत पोचलं ते फक्त दुकानदाराचं नाही म्हणणं. त्या पावसाळ्यात घर तगलं ते सुरण, अळकुड्या, कणगर, फणसाच्या आठळ्या आणि शेवग्याच्या पाल्यावर. थोरल्या आजोबांनी एका रात्री भूक न आवरून चिंधी बांधलेला भोपळा कापला. थोरल्या आजीने निमूट रांधून वाढला, सगळे जेवले, आणि मग तिने ताटांच्या कडेला उरलेल्या बिया वेचून उजेडात धरल्या. कोवळ्या होत्या, पोचट. ती नवऱ्याशी बोलणं बंद करून माहेरी, लांज्याकडे चालत गेली आणि मूठभर बी पदराला बांधून परत आली. बोलणं मात्र ते बी रुजून वेल मांडवावर चढेपर्यंत बंदच होतं, असं ती सांगे. चुलत्यांच्या मते हे बोलणं तिने आठवड्याभरात सुरू केलं होतं. मी थोरल्या आजीच्या बाजूची आहे.

माझे आजोबा प्राथमिक शिक्षक. छापलेलं सगळं वाचणारे. त्यांनी एका वर्षी 'इंदूर पद्धती'चं खत करायचं ठरवलं. ही पद्धत ज्यांच्या नावावर आहे ते अल्बर्ट हॉवर्ड 1905 साली बिहारमधल्या पुसा इथल्या संशोधन संस्थेत आले आणि 1924 ते 1931 या काळात इंदूरला होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर रचायचे, ठरावीक दिवसांनी ढीग उलटायचा, तीन महिन्यांत खत तयार. शेतकरी आणि किडी हेच आपले प्राध्यापक, असं हॉवर्ड मानत आणि तसं लिहूनही गेले. 1931 साली या कामावर पुस्तक निघालं त्यावर त्यांच्याबरोबर आणखी एक नाव आहे, यशवंत वाड. पुढे इंग्लंड-अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळींनी हॉवर्ड यांना गुरू मानलं. वाड हे नाव मराठीतसुद्धा फारसं कुणी घेत नाही, याची मला चीड येते.

आजोबांनी खड्डा आखून, फूटपट्टी घेऊन थर रचले. आजी पदर खोचून बघत उभी. मग म्हणाली, "उकिरडाच की हा. फक्त तुमचा सरळ रेषेत आहे." एवढं म्हणूनही तिने एक गोष्ट उचलली, ढीग उलटण्याची. उकिरडा तोवर वर्षातून एकदाच उपसला जाई.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवतांव पांढरीपांडे यांनी भोकं ठेवून बांधलेल्या विटांच्या टाक्याची पद्धत काढली. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, आणि त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप. यात ढीग उलटावा लागत नाही, भिंतीतल्या भोकांतून हवा खेळते आणि थोड्या शेणात पुष्कळ खत होतं. आमच्या वाडीत दोन-तीन टाकी अनुदानातून बांधली गेली. त्यातल्या एकात आता कोंबड्या आहेत.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे शिक्षक. त्यांच्या प्रयोग परिवाराबद्दल घरात कळलं ते आजोबांच्या एका विद्यार्थ्याकडून. दाभोलकरांच्या नादाने द्राक्षबागायतदारांनी आपापल्या बागेत मोजमापं घ्यायला सुरुवात केली होती. दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, एवढ्या जमिनीवर पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, हे ते पानांवर पडणाऱ्या उन्हाच्या हिशोबाने मांडत. आजोबा तेव्हा थकले होते. त्यांनी मागीलदार पावलांनी मोजलं आणि ते दहा गुंठ्यांपेक्षा बरंच कमी भरलं याचं त्यांना वाईट वाटलं. आजीला वाटलं नाही. पाच माणसांचं कुटुंब म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं; तिच्या पंगतीला कधी पंधराच्या खाली पान नव्हतं.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. धाकटा काका लालबागची खोली सोडून गावी आला तो काही महिन्यांनी. हातांना काम नाही, डोक्यात काळजी. त्याने सगळा जोर मागीलदारावर काढला. गडग्याची पडझड सिमेंटने लिंपली, गवत मुळासकट काढलं, मांडवाचे बांबू अखेर जाळले, पातेरा पेटवला. तालुक्याहून बीएचसीची पावडर आणली आणि फडक्यात बांधून वांग्यांवर, काकडीवर धुरळली. त्या काळी ती राजरोस मिळे. देशात तिच्यावर बंदी आली 1997 साली. मागीलदार इतकं स्वच्छ कुणी पाहिलं नव्हतं. येणारे-जाणारे थांबून कौतुक करत. त्या भाद्रपदात ऋषीच्या भाजीला भोपळा शेजारून आणला. काका म्हणाला, बी वाईट निघालं. आजी काहीच बोलली नाही. पोरगा घरी बसलाय, त्यात आणखी कशाला, असं तिने आईला सांगितल्याचं मला पुढे कळलं.

एकटा काका काय करणार होता? त्याच्याआधी आणि नंतर बरंच काही होत गेलं, आणि ते सगळं सोयीचं होतं. गॅस आला, राख गेली. गॅसविरुद्ध मी एक शब्द ऐकून घेणार नाही. चुलीच्या धुराने आजीचे डोळे कसे झाले होते ते मी पाहिलं आहे. कपड्यांच्या पावडरी आल्या तसं मोरीचं पाणी केळीच्या कामाचं उरलं नाही. पंप आला, विहिरीवरचे पन्नास खेपांचे कष्ट वाचले. गुरं गेली, शेण विकत घ्यायची पाळी आली. अंगणाला कोबा झाला, मग फरशी. आजूबाजूला हापूसच्या कलमांवर फवारण्या वाढल्या आणि वारा काही गडगा बघून थांबत नाही.

बी राखणाऱ्या बायका मात्र संपल्या नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 सालची पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरच्या बीज बँकेत नुसत्या वालाचे प्रकार पाहिले तरी थक्क व्हायला होतं. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावोगावच्या बायकांकडून बी मिळवलं, ते परसात लावून वाढवलं आणि परत वाटलं. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. एक बातमी बियाण्याच्या पानावर छापली गेली, दुसरी मधाच्या. थोरल्या आजीने दोन्ही एकाच पानावर वाचल्या असत्या, वाचता येत असतं तर.

आमच्या मागीलदारी सध्या चुलत वहिनीचं राज्य आहे. ती कृषी विद्यापीठाच्या प्रशिक्षणाला जाऊन आली आहे, मोबाइलवर माशांचे फोटो काढते आणि तिला लॅटिन नावं पाठ आहेत. फरशीचा मागचा पट्टा तिने उखडून टाकला, बांबूचे तुकडे सुतळीने बांधून पडवीला टांगले आणि बोअरचं पाणी असूनही पातेरा पुन्हा झाडून आळ्यांत घालायला लागली. चिंध्याही आहेत, फक्त लाल नायलॉनच्या. मुळ्याच्या डिंगऱ्या ती रत्नागिरीच्या बाजारात पाठवते. मुळ्यापेक्षा जास्त भाव येतो आणि ज्या बायकांनी त्या आईच्या हातच्या खाल्ल्या आहेत त्या घासाघीस करत नाहीत. भोपळा बरा आहे, वांगी उत्तम. गडग्याच्या फटीत डंख नसलेल्या इवल्या माश्यांनी दारात मेणाची नळी काढून घर केलं आहे, ते सिमेंट जिथे सुटलं तिथे.

पडवळ मात्र धरत नाही. वहिनीने बी बदललं, जागा बदलली, शेवटी रात्री जागून बघितलं. गडग्यापलीकडच्या पाणंदीवर ग्रामपंचायतीचा नवा दिवा लागला आहे, पांढऱ्याशुभ्र उजेडाचा, आणि मोठे पतंग पडवळाकडे न येता त्याच्याभोवती घिरट्या घालत बसतात. सध्या ती रोज रात्री रंगकामाचा बारीक ब्रश घेऊन नर फुलावरून मादी फुलावर फिरते आणि पुटपुटते की ही पतंगांची कामं मी का करू. दिव्याला छत्री बसवून उजेड खाली पाडावा किंवा तो दोन खांब पलीकडे न्यावा, असा अर्ज तिने दिला. ग्रामसेवक भला माणूस. त्याने तो वाचला आणि विचारलं, "वहिनी, कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"पडवळ लिहा."

"तसं नाही लिहिता येत. अपघात, झाडाची फांदी, घरात उजेड येतो, असं काहीतरी द्या."

"मग घरात उजेड येतो लिहा," वहिनी म्हणाली, "आणि घर कुणाचं ते नका विचारू."